हरित भक्ती समितीचा अध्यक्ष

११ फेब्रुवारी, रविवार

आज भक्तीनंतर पंच कमिटीची मीटिंग. आपल्या चर्चची हरित भक्ती समिती अखेर स्थापन झाली. अध्यक्ष मी. बिनविरोध. मी स्वतःचं नाव सुचवलं तेव्हा सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते, पण विरोध कुणीही केला नाही, हे नोंदवून ठेवतो. सदस्य नंतर मिळतील.

मीटिंगमध्ये थोडक्यात (अर्धा तास) भूमिका मांडली. देवानं झाडं आधी केली, माणूस नंतर. म्हणजे झाडं आपल्याला सीनियर. नोकरीत आपण सीनियरशी कसं वागतो आणि झाडांशी कसं वागतो? पाळकसाहेबांनी मान हलवली. आमचे पाळकसाहेब, रेव्हरंड सत्यम, वयानं लहान आहेत. गेल्याच वर्षी लातूरहून आले. त्यांना मार्गदर्शन लागतं. खजिनदार रामकिशनदादांनी एकच विचारलं, समितीला बजेट लागतं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग होऊ द्या सर, काही हरकत न्हाई.

घरी येऊन बायकोला, उज्वलाला सांगितलं. ती म्हणाली, अध्यक्ष झालात ते चांगलंच झालं, पण न्हाणीतला नळ नाताळापासून गळून राहिलाय, तो कोणत्या समितीत येतो? मोठ्या कामाची सुरुवात होते तेव्हा घरचे असंच बोलतात.

संकल्प: येत्या उपवासकाळात दर रविवारी भक्तीत एक सुधारणा. ईस्टरपर्यंत चर्च ओळखू येणार नाही.

आता खरं ते लिहितो, ही वही कुणी वाचत नाही. जूनमध्ये पर्यावरण रविवार येतो. त्या दिवशी उपदेशाला साहजिकच अध्यक्षाला बोलावतील. बाबा जन्मभर चर्चचे प्रचारक होते. सायकलवर हदगावकडची सगळी खेडी पालथी घातली, पण पाळक नव्हते, म्हणून शहरातल्या या चर्चच्या पुलपिटावर, उपदेशाच्या त्या उंच लाकडी जागेवर, त्यांना कधी कुणी चढू दिलं नाही. मागच्या दाराजवळ बसायचे आणि गाणी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचे. मी त्यांच्या मांडीवरून पुलपिटाकडे बघायचो. मला तिथं एकदा उभं राहायचंय. फार वाटतं. पण हे कुणाला सांगायचं नाही, कारण पर्यावरण त्याहून मोठं आहे.


१३ फेब्रुवारी, मंगळवार

एक छोटी तांत्रिक अडचण.

उद्या राखेचा बुधवार. आमच्याकडे रीत अशी, की झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत धरलेली शिंदीची झावळी जो तो घरी नेतो, तिचा क्रूस करून दारावर खोचतो, आणि पुढच्या वर्षी या बुधवाराआधी चर्चमध्ये परत आणून देतो. त्या वाळलेल्या झावळ्या जाळायच्या आणि त्या राखेनं पाळकसाहेब प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात. माणूस मातीचा आहे, याची आठवण म्हणून.

गेल्या वर्षी (तेव्हा समिती नव्हती, तरी माझं काम चालूच होतं) शिंदीची झाडं वाचावीत म्हणून मी ऑनलाइन प्लास्टिकच्या झावळ्या मागवल्या होत्या. हिरव्यागार. धुता येतात. पाकिटावर पानाचं चित्र होतं आणि 'इको' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

त्या आज पोत्यात भरून परत आल्या. लोकांनी रीत पाळली, कुणी काही विचारलं नाही. पोतं माझ्या अंगणात आहे. राख अध्यक्षांनी करायची असं पाळकसाहेबांनी परस्पर ठरवलंय.

पुन्हा वापरायच्या की जाळायच्या, यावर पुष्कळ विचार केला. रीत जाळायची आहे. परंपरेचा मान राखलाच पाहिजे.

संध्याकाळ. घमेल्यात पेटवल्या. राख होत नाही, गोळा होतो. शेजारचे सिद्धेश्वर कंपाउंडवरून डोकावले. त्यांची शेती लोह्याला, पण म्हैस मात्र इथं, आमच्या भिंतीला लागून. म्हणाले, काय सर, टायर जाळून राहिलात काय? मी म्हटलं, धार्मिक काम आहे. म्हणाले, मंग चालू द्या, पण म्हैस खोकायलीय.

गोळा खलबत्त्यात कुटून पाहिला. खलबत्ता उज्वलानं काढून घेतला. शेवटी घमेल्याच्या कडेची काजळी खरवडली आणि खोबरेल तेलात कालवली. वस्तू झकास झालीय. इतकी काळी राख आमच्या चर्चनं आजवर पाहिली नसेल.


१४ फेब्रुवारी, बुधवार

भक्ती उत्तम. कपाळावरचे क्रूस इतके ठळक, की मागच्या रांगेतून मोजता यावेत.

फक्त साखराबाई. ही आमच्या मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई. खंजिरी तिच्या हातात असते आणि गाणं ती सुरू करते, पाळक तयार असो नसो. ती राख लावून परत जाताना सगळ्यांसमोर म्हणाली, सर, राखंला रबराचा वास कामून येऊन राहिलाय? मी हळूच सांगितलं, पापाचा वास असाच असतो. ती खंजिरी घेऊन जागेवर जाऊन बसली. प्रसंगावधान हा माझा पहिल्यापासूनचा गुण.


१५ फेब्रुवारी, गुरुवार

राख निघत नाही.

साबण, बेसन, लिंबू, घासणीची तार. उज्वलाचं कपाळ लाल झालंय आणि त्या लालावर काळा क्रूस आणखी उठून दिसतो. ती पदर भुवयांपर्यंत ओढून भाजीला गेली.

रामकिशनदादांचा फोन आला. बँकेत कॅशियरनं विचारलं म्हणे, दादा, कपाळाला काय लागलं. तरुण संघातल्या लेकरांनी टोप्या घातल्यात. पाळकसाहेबांचाही फोन आला, आवाज थोडा वेगळा होता. परवा त्यांना एक लग्न लावायचंय.

मी शांतपणे विचार केला. दरवर्षी ही राख दुपारच्या जेवणापर्यंत पुसली जाते आणि तिच्याबरोबर पश्चात्तापही. यंदा पश्चात्ताप टिकाऊ झाला. समितीचं पहिलं यश म्हणून नोंदवतो.


१७ फेब्रुवारी, शनिवार

लग्नाला गेलो होतो. नवरीकडचे लोक एकमेकांना विचारत होते, पाळकांना मारलं का कुणी? फोटोग्राफर प्रत्येक फोटोत त्यांना पुष्पगुच्छ कपाळाशी धरायला सांगत होता.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. उपवासकाळात माणसाच्या नजरेत एक खोली येते.


३ मार्च, रविवार

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. कोरोनापासून आमच्याकडे एकच प्याला फिरवणं बंद झालं आणि द्राक्षारस प्लास्टिकच्या बोटभर कपांत देतात. वापरला की फेकला. मला ते फार खुपत होतं.

किनवटहून पळसाची पानं मागवली. तिकडे जेवणाच्या पत्रावळी करणारे आहेत, पण बोटभर द्रोण कुणी करून देईना. म्हणून काल आम्ही घरी बसून केले. आम्ही म्हणजे उज्वलानं केले, मी गुणवत्ता तपासली. प्रत्येक द्रोणात पाणी घालून बघू या का, असं ती म्हणाली. मी म्हटलं, विश्वास नावाची काही गोष्ट असते.

द्रोण गळाले. सगळे नाही, बहुतेक. दोष द्रोणाचा नव्हता. द्रोण छोट्या प्रार्थनेपुरता पुष्कळ टिकतो. पाळकसाहेबांनी आजच आजारी लोक, परीक्षेची लेकरं, शेतकरी आणि जागतिक शांती अशी सगळ्यांसाठी प्रार्थना केली. प्रभुभोजनाला आमच्या बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात. डोळे मिटलेले, मान खाली, हात पुढे, आणि हातातून मनगटावर, मनगटावरून पदरावर. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा बायकांची बाजू पाहवत नव्हती.

फक्त साखराबाई कोरडी. तिनं प्रार्थना चालू असतानाच पिऊन टाकलं होतं. मी नंतर तिला समज दिली. म्हणाली, देवाला दिसंना का सर, गळायलंय म्हून?

महिला मंडळानं पुढच्या महिन्यापासून प्लास्टिकचे कप परत आणायचं ठरवलं आहे. उज्वला त्या मंडळाची सेक्रेटरी आहे. ठरावावर सही तिचीच. घरी आलो तर साडी भिजत घालून बसली होती.


१० मार्च, रविवार

वेदीवर विकतच्या फुलांऐवजी कडुलिंबाच्या ताज्या डहाळ्या. मुंगळे. अधिक लिहीत नाही.


१७ मार्च, रविवार

पुढच्या रविवारी झावळ्यांची मिरवणूक. यंदा शिंदी नाही आणि प्लास्टिकही नाही. (प्लास्टिकबद्दल मी माझं मत बदललेलं नाही, फक्त लोक अजून तयार नाहीत.) यंदा प्रत्येक घरानं जिवंत झाड न्यायचं. कुंडीसकट. तोडलेली फांदी हातात धरून जयजयकार करण्यापेक्षा मुळं असलेलं झाड डोक्यावर घेऊन करावा, ही कल्पना मला न्हाणीत सुचली आणि मी थोडा वेळ तिथंच थांबलो, इतकी ती मोठी होती.

चर्चमध्ये जाहीर केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्यात भक्तीत टाळ्या गाण्यालाच वाजवतात.


२४ मार्च, रविवार. रात्र

मिरवणूक वजिराबादच्या चौकातून निघाली तेव्हा दृश्य फार सुंदर होतं. गुलाब, कढीपत्ता, कोरफड, मनी प्लांट. सगळीकडे हिरवं. मी सर्वांत पुढे, हातात एक छोटं रोप (दिशा दाखवायला एक हात मोकळा लागतो).

कुंडी जड असते, हा मुद्दा नियोजनात थोडा मागे पडला. त्यात ऊन. पहिली कुंडी रसवंतीपाशी टेकवली गेली, मग दोन मेडिकलच्या पायरीवर. रामकिशनदादांनी ऑटो थांबवला, आपली आंब्याची कुंडी आत ठेवली आणि स्वतःही तिच्याजवळ बसले, झाड पडू नये म्हणून. तरुण संघातल्या मनिषानं घरात कुंडी नव्हती म्हणून शेजारणीची तुळस मागून आणलेली. शेजारणीला काही भरवसा वाटेना, ती तुळशीमागं मिरवणुकीत चालत होती. आमची गाणी तिला येत नव्हती, तरी तोंडानं काहीतरी म्हणत होती. दर चौकात मनिषाला सांगायची, माय, सांभाळून, पानं झडायलीत.

चर्चच्या दारात पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. तुळस होती, माझं रोप होतं आणि साखराबाईच्या डोक्यावर कोथिंबिरीची जुडी होती. ती म्हणाली, मुळं हायत बगा सर हिला, तुमीच म्हणले न्हवं.

बाकी कुंड्या रस्त्याच्या कडेनं राहिल्या. संध्याकाळी लोक घ्यायला गेले तर बहुतेक सापडल्या नाहीत. म्हणजे एका सकाळी शहरभर वृक्षारोपण झालं. वर्तमानपत्राला कळवावं का, असा विचार करतोय. उज्वला म्हणाली, आधी माझी मोगऱ्याची कुंडी शोधून आणा.


२ एप्रिल, मंगळवार

आनंदाचा दिवस!!

ईस्टर झाला आणि आज पाळकसाहेब स्वतः घरी आले. जय ख्रिस्त झालं, चहा झाला. कपाळावर अजून अंधूक काहीतरी दिसतं, पण मी विषय काढला नाही. रिकामी बशी दोनदा पुढं सरकवली. मग म्हणाले, सर, पर्यावरण रविवारी उपदेश तुम्ही करा. वीस मिनिटं. पुलपीट तुमचं. फक्त एक विनंती आहे, तोपर्यंत समितीनं काहीही करू नये. म्हणजे अगदी काहीही.

अर्थ स्पष्ट आहे. मला तयारीला वेळ मिळावा, किरकोळ कामात माझी शक्ती जाऊ नये, अशी त्यांची इच्छा. या मुलात मी समजत होतो त्यापेक्षा जास्त समज आहे.

ते गेल्यावर आत जाऊन बाबांच्या फोटोसमोर उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, उन्हाळ्यामुळे असं उज्वलाला सांगितलं. तिनं काही विचारलं नव्हतं.


१४ एप्रिल, रविवार

काहीही केलं नाही.


२१ एप्रिल, रविवार

काहीही केलं नाही. चर्चमध्ये प्लास्टिकची बाटली दिसली. डोळे मिटून घेतले. शेजारच्याला वाटलं प्रार्थना करतोय, त्यानंही मिटले.


५ मे, रविवार

उपदेशाचा पहिला खर्डा झाला. विषय, 'सृष्टी हाक मारते आहे.' मोठ्यानं वाचून बघितला तेव्हा वीस मिनिटांत प्रस्तावना संपत होती. कापायचं कुठून? सगळंच महत्त्वाचं आहे. ओझोन आलाच पाहिजे. गोदावरी आलीच पाहिजे. बोअर किती खोल गेले ते आलं पाहिजे. शेवटी ठरवलं, वीस मिनिटं हा आकडा प्रतीकात्मक समजायचा.


१२ मे, रविवार

सरावासाठी श्रोता हवा. उज्वलाचे गुडघे दुखतात, एका जागी फार वेळ बसवत नाही, म्हणाली. कंपाउंडच्या भिंतीशी उभं राहून म्हशीसमोर वाचलं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. सिद्धेश्वर पलीकडून म्हणाले, सर, दूध कमी झालं तर तुम्हाला सांगतो.


२९ मे, बुधवार

आज सकाळी उपदेशातलं सातवं पान वाचताना एकदम अंगावर काटा आला. मी पुलपिटावरून विजेच्या उधळपट्टीबद्दल बोलणार, आणि माझ्या डोक्यावर पंखे फिरणार. तोंडासमोर माइक. तो कोळशावर चालणारा माइक! आणि ऐकणारी मंडळी बसणार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर! हा ढोंगीपणा माझ्याच्यानं व्हायचा नाही.

निर्णय: पर्यावरण रविवारी शून्य विजेची, शून्य प्लास्टिकची भक्ती. पंखे बंद, माइक बंद, खुर्च्या बाहेर. पूर्वजांसारखं सतरंजीवर बसायचं, पुरुष एकीकडे, बाया एकीकडे.

पाळकसाहेबांनी काही करू नका म्हटलं होतं, हे खरं. पण त्यांचा शब्द होता, पर्यावरण रविवारपर्यंत. पर्यावरण रविवार त्यात येत नाही.


३१ मे, शुक्रवार

पाळकसाहेब मीटिंगसाठी लातूरला गेले, सोमवारी येतील. त्यांना कळवावं म्हणून फोन केला. रिंग वाजायच्या आत ठेवला, तेव्हा लागला नाही असंच म्हणावं लागेल.


१ जून, शनिवार

एकट्यानं सगळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मागच्या खोलीत नेऊन रचल्या. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे. सतरंज्या अंथरल्या, थोडी धूळ उडाली. मेन स्विच खाली केला. मग पुलपिटावर चढून उभा राहिलो. कुणी नव्हतं. लाकडावर हात ठेवला. गुळगुळीत आहे, खालून वाटतं त्यापेक्षा थोडं अरुंद. वाऱ्यानं मागचं दार वाजलं तेव्हा उगाच तिकडं बघितलं.

घरी आल्यावर उज्वलाला म्हटलं, उद्या पुढे बस. ती म्हणाली, खाली बसायचं असेल तर मी उठणार कशी, हा विचार केलात का? मी म्हटलं, उद्या सगळे नव्या उमेदीनं उठतील. तिनं गुडघ्याला तेल लावलं आणि दिवा मालवला.


२ जून, रविवार. सकाळ

पांढरा शर्ट. उपदेश फायलीत, पानांना नंबर घातलेत. वाचायचा चष्मा घेतला. हवा स्वच्छ आहे, ऊन जरा लवकर तापलंय. देवा, तुझ्यासाठी.


२ जून, रविवार. संध्याकाळ

क्रमानं लिहितो.

लोक आले. खुर्च्या कुठं गेल्या, असं सगळ्यांनी आपापल्या पद्धतीनं विचारलं. मी सांगितलं, आज सृष्टीसोबत बसायचंय. रामकिशनदादा भिंतीला टेकून बसले. म्हाताऱ्या माणसांना धरून बसवलं. उज्वला अगदी पुढे, बायकांच्या सतरंजीवर, माझ्या समोर बसली. मी सांगितलेलं तिनं ऐकलं, याचं बरं वाटलं.

पंखे नसल्यामुळे खिडक्या उघडाव्या लागल्या. खिडक्यांपलीकडे मंगल कार्यालय आहे. तिथं लग्न होतं आणि त्यांचा जनरेटर आमच्या भिंतीला लागून होता.

गाणी झाली. मग मी पुलपिटावर चढलो. चष्मा चढवला. या चष्म्यानं कागद लख्ख दिसतो, पलीकडचं सगळं धुकं. बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत भीती गेली. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. घामानं कागद भिजत होते, तरी थांबलो नाही. धुक्यात मधूनमधून हालचाल व्हायची. मला वाटलं, शब्द लागतायत, माणसं अस्वस्थ होतायत. व्हायलाच पाहिजेत.

आठव्या पानावर आलो. सृष्टी हाक मारते आहे आणि आपण ऐकत नाही, हे वाक्य. त्याच वेळी समोरून कण्हल्यासारखा आवाज आला. कुणाचं तरी अंतःकरण विरघळलं! ते वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी वरच्या पट्टीत. पुन्हा तो आवाज आला. मला बाबांची आठवण झाली. ओझोन, गोदावरी, बोअर, काही गाळलं नाही. आमेन म्हणालो. आमेनला उत्तर आलं नाही.

चष्मा काढला.

पुरुषांची बाजू रिकामी. बायकांची बाजू रिकामी. दार सताड उघडं आणि त्यातून पलीकडचा कडुलिंब दिसत होता. त्याच्या सावलीत सगळी मंडळी बसली होती. लेकरं पारंबीला लोंबकळावीत तशी फांद्यांना लोंबकळत होती. साखराबाईची खंजिरी चालली होती आणि लोक गात होते, खूप मोठ्यानं. मला मघापासून ऐकू का आलं नाही, कळत नाही. जनरेटर असावा. एकेक जण उठून कधी गेला तेही कळलं नाही. कुणीतरी सावलीत प्रार्थनाही केली होती, आणि महिला मंडळाचा भात वाढायला घेतला होता.

आत एकच माणूस. उज्वला. पुढच्या सतरंजीवर, मी सांगितलं तिथंच.

काय वाटलं ते लिहितो. सगळे गेले याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण नंतर. आधी वाटलं, इतक्या वर्षांच्या संसारात मी हिला कधी ओळखलंच नाही. एवढ्या उकाड्यात, एवढा वेळ, एकटी बसून राहिली. खाली उतरलो आणि तिच्यापाशी जाऊन म्हटलं, तू तरी थांबलीस.

ती म्हणाली, गुडघा धरलाय. उठताच येईना. मघाधरनं हाका मारून राहिले, अहो, अहो म्हणून. तुम्ही माझ्याकडं बघून आणखीनच मोठ्यानं बोलायला लागलात.

मी तिला उठवायला गेलो. जमेना. खुर्ची आणावी म्हणून मागच्या खोलीकडे धावलो. किल्ली कालच्या पँटच्या खिशात, पँट घरी. शेवटी दारात जाऊन मीच हाक मारली. साखराबाई दोन बायांना घेऊन आली. तिघींनी उज्वलाला धरून बाहेर नेलं. साखराबाई जाताना म्हणाली, सर, तुमी बी चला की आता, लई वारं हाय भाईर.

गेलो. मला जागा करून दिली. ताट दिलं. उपदेशाबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण कुणी ऐकलाच नव्हता. रामकिशनदादा भाताचा घास घेत एवढंच म्हणाले, आजच्यासारखी भक्ती दर महिन्याला झाडाखाली घेऊ, साखराबाईनं चांगली चालवली. सगळे हाव हाव म्हणाले. मीही मान हलवली.

आता घरी. उज्वलाच्या गुडघ्याला शेक देतोय. आज संकल्प लिहीत नाही.

मघाशी तिला विचारलं, तू पुढेच होतीस, तुला तरी किती ऐकू आलं? जरा आठवून म्हणाली, सृष्टी हाक मारते आहे आणि आपण ऐकत नाही, तिथपर्यंत आलं. चांगलं होतं. त्याच्या पुढचं न्हाई आलं. पुढं मीच हाका मारून राहिले होते ना.